स्वेअर आणि योतार यांचं एक राज्य कसं झालं?

प्रश्न असा आहे: आज ज्याला आपण स्वीडन म्हणतो तिथे उत्तरेला स्वेअर आणि दक्षिणेला योतार अशा दोन जमाती होत्या, तर त्यांचं एक राज्य नेमकं कधी झालं आणि कोणी कोणाला जिंकलं? युरोपचा मध्ययुगीन इतिहास शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एखादी निर्णायक लढाई असते. आधी थेट उत्तर देतो. स्वेअरांनी योतारांना जिंकून राज्य उभारलं असं सांगणारा एकही समकालीन पुरावा नाही. राजा एकच हे इ.स. 1000 च्या आसपास पहिल्यांदा दिसतं, पण एकच कायदा यायला 1350 उजाडतं. मधल्या साडेतीनशे वर्षांत प्रत्येक नव्या राजाला प्रत्येक प्रांतात जाऊन स्वतःला मान्य करून घ्यावं लागत होतं. हे राज्य त्या वारंवार घेतलेल्या मान्यतेतून घडलं, असं माझं ठाम मत आहे.

शेजारच्या देशांशी तुलना केली की फरक कळतो. डेन्मार्कमध्ये येलिंगला हाराल्ड ब्लूटूथने दहाव्या शतकात शिलालेख कोरून ठेवला की संपूर्ण डेन्मार्क आपण जिंकून घेतला. नॉर्वेच्या कथांमध्ये हाराल्ड सुकेश हाफ्र्सफ्योर्डची लढाई जिंकतो. स्वीडनला असा संस्थापक नाही आणि असा शिलालेखही नाही. त्यामुळे इथला इतिहास कायद्याची कलमं, पोपची पत्रं, नाणी आणि मिशनऱ्यांची चरित्रं यांतून जुळवावा लागतो.

नकाशा समोर ठेवा. स्वेअरांचा प्रदेश मेलारेन सरोवराभोवतीचा. तेव्हा जमिनीच्या मानाने समुद्राची पातळी आजच्यापेक्षा वर होती आणि मेलारेन हा बाल्टिकचाच एक आत शिरलेला फाटा होता. होडीने थेट उप्सालाच्या जवळ जाता येई. योतारांचा प्रदेश वेनर्न आणि वेत्तर्न या दोन मोठ्या सरोवरांच्या परिसरात. त्याचेही दोन भाग: वेत्तर्नच्या पश्चिमेला वेस्तरयोतलांड, पूर्वेला ओस्तरयोतलांड. स्वेअर आणि योतार यांच्या मध्ये तीवेदेन आणि कोलमोर्देन ही घनदाट जंगलं. पुढच्या काळातला कायदासुद्धा देशाचे भाग ‘जंगलाच्या उत्तरेचा’ आणि ‘जंगलाच्या दक्षिणेचा’ असे सांगतो. त्या जंगलातून सैन्य घेऊन जाणं अवघड, त्यात महिनोन् महिने ठाण मांडून बसणं त्याहून अवघड. त्यामुळे जिंकून ताब्यात ठेवणं हा मार्ग इथे कोणालाच परवडणारा नव्हता.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात. रोमन लेखक टॅसिटस इ.स. 98 मध्ये ‘सुईओनेस’ नावाच्या लोकांचा उल्लेख करतो, माणसं, शस्त्रं आणि गलबतं यांत बलवान म्हणून. हे स्वेअर. सहाव्या शतकात इतिहासकार योर्दानेस त्या भागातल्या लोकांची लांबलचक यादी देतो. तीत स्वेअर आणि योतार दोघंही आहेत आणि कितीतरी लहान गटही. उप्सालाजवळचे प्रचंड मातीचे दफन-टेकाड, वेंदेल आणि वाल्सयेर्देच्या होडीतल्या कबरी, त्यांतली शिरस्त्राणं, घोडे, कुत्रे या सगळ्यांवरून मेलारेनच्या परिसरात श्रीमंत आणि सत्ताधारी घराणी होती हे नक्की. पण त्यावरून त्यांचा अंमल जंगलापलीकडे होता असा निष्कर्ष काढता येत नाही. सोनं कबरीत सापडतं, हुकूम सापडत नाही.

पहिला खरा प्रकाश पडतो तो नवव्या शतकात, मेलारेनमधल्या बिर्का या बंदरात. फ्रँकांच्या राज्यातून आलेला मिशनरी आन्सगर 829-30 च्या सुमारास तिथे पहिल्यांदा आला आणि 852 च्या सुमारास परत आला. त्याचा शिष्य रिम्बर्ट याने त्याचं चरित्र लिहिलं. दुसऱ्या भेटीतला प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. आन्सगरने राजा ओलोफला मेजवानी दिली, भेटवस्तू दिल्या आणि धर्मप्रसाराची परवानगी मागितली. राजा म्हणाला, माझी हरकत नाही, पण देवांचा कौल घेतल्याशिवाय आणि लोकांची इच्छा जाणून घेतल्याशिवाय मला हो म्हणता येणार नाही. आधी सरदारांनी उघड्या मैदानात कौल लावला, तो अनुकूल निघाला. मग बिर्कामध्ये लोकांची सभा, म्हणजे थिंग, भरली. गोंधळ झाला. तेव्हा एक वृद्ध उभा राहिला आणि म्हणाला, समुद्रावर संकटात सापडलेल्या आपल्यातल्या अनेकांना या देवाने तारलं आहे. तो जवळ आला असेल तर त्याला नाकारायचं कशाला? सभेने होकार दिला. तरीही राजाने अंतिम परवानगी दिली नाही. राज्याच्या दुसऱ्या भागातही थिंग भरायची आहे, तिथेही विचारतो, असं तो म्हणाला. तिथला होकार आल्यावर मग चर्चला जागा मिळाली. सार्वजनिक बाबींत राजाच्या सत्तेपेक्षा लोकांच्या एकमताचं वजन जास्त, ही तिथली रीत असल्याचं रिम्बर्ट स्वच्छ नोंदवतो. ज्या राजाला स्वतःच्याच मुलखात दोन ठिकाणी विचारावं लागतं, तो जंगल ओलांडून परक्यांवर हुकूम गाजवत असेल हे मला पटत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. 1018 साली उप्सालाच्या थिंगमध्ये तोरिन्यू नावाच्या वृद्ध लागमानाने राजाला सगळ्यांसमोर दरडावलं, अशी एक गाजलेली गोष्ट आहे. लागमान म्हणजे प्रांताचा कायदा तोंडपाठ असलेला, थिंगमध्ये तो सांगणारा प्रमुख. ही गोष्ट आइसलंडचा लेखक स्नोरी याने सुमारे 1230 मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी लिहिली. भाषण जोरदार आहे, पण ते पुरावा म्हणून वापरू नका. रिम्बर्टचा प्रसंग साधा आहे आणि त्याच काळातला आहे, म्हणून तो जास्त मोलाचा.

दहाव्या शतकाच्या अखेरीस बिर्का ओस पडलं आणि सिगतूना हे नवं नगर वसलं. तिथे ओलोफ शोतकोनुंग या राजाने 995 च्या सुमारास इंग्लिश धर्तीवर चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली. स्वेअर आणि योतार दोघांवरही राज्य केल्याचं ज्याच्याबद्दल खात्रीने म्हणता येतं असा हा पहिला राजा. परंपरेनुसार त्याचा बाप्तिस्मा वेस्तरयोतलांडमधल्या हूसाबीला झाला. अकराव्या शतकातला चर्चचा इतिहासकार, ब्रेमेनचा आडाम, सांगतो की उप्सालाच्या मूर्तिपूजकांनी त्याच्याशी तडजोड केली: तुला ख्रिस्ती व्हायचं तर हो, देशातला हवा तो उत्तम भाग घे आणि तिथे चर्च बांध, पण आमच्यावर जबरदस्ती नको. त्याने स्कारा निवडलं. 1014 च्या सुमारास स्वीडनची पहिली बिशपगादी तिथे, योतारांच्या मुलखात आली. म्हणजे राजाचं नाव स्वेअरांचा राजा म्हणून, आणि धर्माचा आधार मात्र योतारांकडे. हा विचित्र तोल पुढे शंभर वर्षं टिकला. नाणी मात्र टिकली नाहीत. 1030 च्या आसपास ती बंद झाली आणि शंभराहून अधिक वर्षं हे राज्य स्वतःच्या नाण्यांशिवाय चाललं. ज्याला नाणं चालू ठेवता येत नाही त्या राजाच्या ताकदीचा अंदाज यावरून करावा.

अकराव्या शतकाच्या शेवटी राजा इंगेने उप्सालाचे यज्ञबळी नाकारले म्हणून त्याला स्वेअरांनी हाकललं. कथेप्रमाणे तो वेस्तरयोतलांडमध्ये गेला आणि काही वर्षांनी परतून त्याने प्रतिस्पर्ध्याला मारलं. त्याच सुमारास पोप सातव्या ग्रेगरीचं एक पत्र आलं, त्यात दोन राजांना ‘पश्चिमेकडच्या योतारांचे राजे’ असं संबोधलं आहे. रोममधल्या लेखनिकाला हा एक देश आहे की अनेक, हे अजून ठरवता येत नव्हतं. त्याला दोष देता येणार नाही. तिथल्या लोकांनीही ते ठरवलेलं नव्हतं.

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. वेस्तरयोतलांडचा जुना कायदा 1220 च्या दशकात लिहिला गेला. स्वीडिश भाषेतला हा सर्वांत जुना कायदा. त्यात राजाबद्दलचं कलम सुरू होतं ते असं: राजा निवडण्याचा हक्क स्वेअरांचा, आणि त्याला हाकलण्याचाही. पहिल्या वाचनात वाटतं की योतारांनी शरणागती पत्करली. पुढे वाचा. निवडून आलेल्या राजाने उत्तरेकडून ओलीस घेऊन ओस्तरयोतलांडमध्ये यायचं. तिथून त्याने वेस्तरयोतलांडच्या थिंगला निरोप पाठवायचा. मग इथला लागमान ओलीस नेमणार, दोन दक्षिण भागातले, दोन उत्तर भागातले, शिवाय सोबत आणखी चार माणसं. यांनी आजच्या योनशोपिंगजवळ यूनाबेक इथे राजाला भेटायचं. ओस्तरयोतलांडच्या ओलिसांनी तिथपर्यंत येऊन साक्ष द्यायची की हा माणूस आमच्या कायद्याप्रमाणे आमच्या प्रांतात आला. मग सर्व योतारांची थिंग भरणार. राजाने शपथ घ्यायची की मी योतारांशी एकनिष्ठ राहीन आणि या भूमीचा योग्य कायदा मोडणार नाही. त्यानंतर लागमान त्याला राजा ठरवणार, आणि लागमान सांगेल ते इतर लोक. शेवटी राजाने तीन गुन्हेगारांना माफी द्यायची, मात्र नीच कृत्य केलेल्यांना नाही.

या फेरीला एरिक्सगाता म्हणतात. तिच्यात ओलीस का लागतात याचा विचार करा. ओलीस हे राजाच्या सुरक्षिततेची हमी होते, पण त्याचा दुसरा अर्थ असा की ओलीस मागणारा राजा स्वतः कबूल करतो, की मी परक्या मुलखात पाऊल टाकतो आहे आणि इथे माझं संरक्षण इथल्या लोकांच्या शब्दावर आहे. ओलीस न मागणं म्हणजे ‘हा मुलूख माझाच’ असं गृहीत धरणं. तसं एका राजाने केलं होतं. 1120 च्या दशकात किंवा 1130 च्या सुमारास राग्नवाल्ड नावाचा राजा ओलीस न घेता वेस्तरयोतलांडमध्ये कार्लेबीपर्यंत घोड्यावरून आला. त्याच कायद्याच्या हस्तलिखिताला जोडलेल्या राजांच्या यादीत लिहिलं आहे की वेस्तरयोतलांडच्या लोकांचा असा अपमान केल्याबद्दल त्याला लाजिरवाणं मरण आलं. आणि लगेच पुढची ओळ: मग एका चांगल्या लागमानाने आणि प्रांतातल्या प्रमुखांनी वेस्तरयोतलांडचा कारभार उत्तम चालवला, आणि सगळे आपल्या भूमीशी एकनिष्ठ राहिले. ती ओळ लिहिणाऱ्याला राजा नसल्याची कसलीच चिंता नाही. राजा मेला, कारभार चालू राहिला. इथे ‘आपली भूमी’ म्हणजे वेस्तरयोतलांड, स्वीडन नव्हे.

त्याच कायद्यातलं खुनाचं कलमही बघण्यासारखं आहे. वेस्तरयोतलांडच्या माणसाला मारलं तर वारसांना नुकसानभरपाई आणि वर कुळालाही भरपाई. पण स्वेअर किंवा स्मोलांडच्या माणसाला, म्हणजे राजाच्या राज्यातल्या पण इथल्या नसलेल्या माणसाला मारलं, तर 13 मार्क आणि 8 ओर्तुग (मार्क हे चांदीच्या पैशाचं मोठं एकक, ओर्तुग त्याचा लहान भाग), कुळाची भरपाई नाही. डेन किंवा नॉर्वेजियन असेल तर 9 मार्क. तीन वर्तुळं स्पष्ट दिसतात: आपला, राज्यातला, परका. 1220 च्या दशकात ‘राज्यातला’ हे वर्तुळ अस्तित्वात आलेलं आहे, त्याला किंमतही आहे, पण ती ‘आपल्या’च्या किमतीपेक्षा कमी. जमातींचं राज्य कसं होतं हे समजून घ्यायला मला दुसरं कुठलंही साधन इतकं उपयोगी पडलेलं नाही. मोजमापही वेगळंच होतं: नाणी पुन्हा सुरू झाली तेव्हा स्वेअरांकडे एका मार्कचे 192 पेनिंग, म्हणजे लहान नाणी, आणि योतारांकडे 384.

राग्नवाल्डनंतरची शंभर वर्षं रक्ताची आहेत. ओस्तरयोतलांडमधलं स्वेरकरचं घराणं आणि एरिकचं घराणं आळीपाळीने गादीवर आले. स्वेरकर 1156 मध्ये नाताळात मारला गेला, एरिक 1160 मध्ये, स्वेरकरचा मुलगा कार्ल 1167 मध्ये विसिंगसो बेटावर, नातू 1210 मध्ये येस्तिलरेनच्या लढाईत. नावांची ही रांग पाठ करण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो एका गोष्टीत: दोन्ही घराणी एकमेकांना मारत होती ती संपूर्ण राज्यासाठी. ‘तुम्ही उत्तर घ्या, आम्ही दक्षिण घेतो’ अशी वाटणी कोणी टिकवून दाखवली नाही. गादी एकच आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य झालं होतं. शिवाय राजाचा वावर वेत्तर्नमधल्या विसिंगसो बेटावरच्या नेस गढीत होता, म्हणजे दोन्ही योतलांडांच्या मधोमध. तिथून सरोवर गोठलं की घसरगाड्यांनी आणि उन्हाळ्यात होड्यांनी दोन्हीकडे जाता येई.

या काळात एकीला खरा सांगाडा दिला तो चर्चने. 1143 मध्ये आल्वास्त्रा आणि न्यूदाला इथे सिस्टर्सियन या साधूंच्या पंथाचे मठ आले. 1164 मध्ये पोप तिसऱ्या अलेक्झांडरने उप्सालाला आर्चबिशपची गादी मंजूर केली आणि आल्वास्त्राचा साधू स्तेफान पहिला आर्चबिशप झाला. त्याच्या हाताखाली स्कारा, लिनशोपिंग, स्ट्रेंगनेस आणि वेस्तेरोस, म्हणजे योतारांच्या बिशपगाद्या आणि स्वेअरांच्या बिशपगाद्या एकाच साखळीत. त्या वर्षीच्या पोपच्या पत्रात राजा कार्ल हा ‘स्वेअर आणि योतार यांचा राजा’ आहे. ऐंशी-एक वर्षांपूर्वी ज्या रोममधून ‘पश्चिमेकडच्या योतारांचे राजे’ असं लिहून आलं होतं, तिथूनच आता हे लिहून आलं. वर्ष विचारणाऱ्यांना मी 1164 सांगतो. राजाला प्रांतोप्रांती परवानगी मागावी लागत होती. आर्चबिशपला लागत नव्हती. वर्षभर, सगळ्या प्रांतांत, एकाच रचनेने चालणारी ही पहिली संस्था होती, आणि लिहिता-वाचता येणारी माणसंही तिच्याकडेच होती.

राजसत्ता प्रबळ झाली ती तेराव्या शतकात, आणि तिची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. 1247 मध्ये स्पारसेत्राच्या लढाईत उपलांडचे लोक हरले. सिगतूनाच्या बखरीतली नोंद छोटी आहे: उपलांडच्या लोकांनी विजय गमावला आणि स्वातंत्र्यही, आणि त्यांच्यावर आरमाराच्या शिध्याचा कर आणि इतर अनेक ओझी लादली गेली. लक्षात घ्या, हे उपलांड म्हणजे स्वेअरांचंच हृदय. ‘स्वेअरांनी योतारांना जिंकलं’ असं मानणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी. इथे झुकवले जात आहेत ते स्वेअर. पुढच्याच वर्षी बिरियर यार्ल सत्तेवर आला (यार्ल म्हणजे राजाच्या खालोखालचा सर्वोच्च अधिकारी). तो ओस्तरयोतलांडमधल्या ब्येल्बोचा, म्हणजे योतार. 1250 मध्ये त्याचा अल्पवयीन मुलगा वाल्देमार राजा निवडला गेला. घरात, चर्चमध्ये, थिंगमध्ये किंवा स्त्रीवर हिंसा करणं हा आता राजाच्या शपथेचा भंग ठरला आणि त्याची शिक्षा संपूर्ण राज्यात लागू झाली. प्रांताच्या कायद्याच्या डोक्यावर राज्याचा कायदा बसला तो इथे. बिरियरचा दुसरा मुलगा माग्नुस याने 1280 च्या सुमारास आल्स्नो इथे ठरवलं की जो घोडा आणि चिलखत घेऊन राजाची चाकरी करील त्याला करमाफी. तेव्हापासून प्रत्येक प्रांतातल्या मोठ्या घराण्यांचं हित राजाच्या राज्याशी बांधलं गेलं.

जुन्या थिंगचं गुणगान करताना एक गोष्ट विसरली जाते, म्हणून सांगतो. थिंगमध्ये बोलणारे सगळे ‘लोक’ हे जमीनधारक स्वतंत्र पुरुष होते. गुलामांना तिथे स्थान नव्हतं. आणि त्या गुलामगिरीवर घाला घातला तो राजानेच: 1335 मध्ये एरिक्सगातावर असताना माग्नुस एरिकसनने स्कारा इथे जाहीर केलं की वेस्तरयोतलांड आणि स्मोलांडमधल्या वेरेंदमध्ये ख्रिस्ती आई-बापांच्या पोटी जन्मलेलं कोणीही यापुढे गुलाम राहणार नाही.

कायद्यांची एकी त्यानंतरची. 1296 मध्ये उपलांडच्या तीन जुन्या विभागांचा, तियुंदालांड, आत्तुंदालांड आणि फ्येद्रुंदालांड यांचा एक कायदा झाला. लागमान बिरियर पेर्सन याच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला आणि राजाने त्याला मंजुरी दिली. इथे राजाची सही लागते हाच बदल. मग 1350 च्या सुमारास माग्नुस एरिकसनचा देशकायदा आला. त्याचं राजाविषयीचं प्रकरण सांगतं की स्वीडन हे राज्य मूर्तिपूजेच्या काळापासून स्वेअरांची भूमी आणि योतारांची भूमी मिळून बनलेलं आहे. राजा निवडायचा, वारसाने नाही. निवड उप्सालाच्या आग्नेयेला मूराच्या कुरणावर होणार, पण आता तिथे प्रत्येक प्रांताचा लागमान आपल्या बारा माणसांसह येणार. पहिलं मत उपलांडच्या लागमानाचं. स्वेअरांचा एकट्याचा हक्क संपला. त्यांचा फक्त पहिल्या बोलण्याचा मान उरला. एरिक्सगाता कायम राहिली, प्रांताच्या सीमेवरचे ओलीस आणि शपथा कायम राहिल्या, पण निवड आधीच सर्वांची मिळून झालेली असल्यामुळे ती आता मुख्यतः शपथांची फेरी झाली. चर्चविषयीचं प्रकरण मात्र या कायद्यात आलंच नाही, कारण बिशपांशी एकमत झालं नाही. त्या बाबतीत जुने प्रांतिक कायदेच चालू राहिले.

कडेचे प्रदेश वेगवेगळ्या वाटांनी आले किंवा आलेच नाहीत. गोतलांड बेटाने स्वतःहून करार केला. तिथल्या परंपरेप्रमाणे वर्षाला 60 मार्क चांदी, त्यातले 40 राजाला आणि 20 यार्लला, बाकी कारभार आपला आपण. येम्तलांड 1178 पासून नॉर्वेच्या राजाचं, पण चर्चच्या दृष्टीने उप्सालाच्या अखत्यारीत. दक्षिणेचे स्कोने, हाल्लांड आणि ब्लेकिंगे हे चौदाव्या शतकाच्या मधली काही दशकं वगळता मध्ययुगात बहुतेक काळ डेन्मार्कच्या ताब्यात होते. आणि फिनलंडच्या लागमानाला मूराच्या कुरणावर बारा माणसांसह येऊन राजा निवडण्याचा हक्क मिळाला तो 1362 मध्ये.